टॉन्सिल-ॲडेनॉइडचं ऑपरेशन झालंय, आता घरी काय काय बघायचं?

निशिगंध (धागाकर्ती)
नमस्कार. माझ्या मुलाचं, वय सहा, टॉन्सिल आणि ॲडेनॉइडचं (नाकाच्या मागे वाढणारी गाठ) ऑपरेशन काल झालं. वर्षभर घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, सारखा ताप आणि अँटिबायोटिक असं चाललं होतं. सहामाही संपून दिवाळीची सुट्टी लागली, म्हणून आत्ता करून घेतलं. आज दुपारी घरी सोडलं. घरी वसुबारसेची गडबड आहे आणि हा माझ्या मांडीवरून उतरायला तयार नाही.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांची नावं, 'मऊ आहार' आणि 'आठ दिवसांनी दाखवा' एवढंच लिहिलंय. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, काही नाही हो ताई, दोन दिवसांत पळायला लागेल. मला मात्र बरंच काही कळत नाहीये. रात्री औषधाची वेळ झाली आणि तो गाढ झोपला असेल तर उठवायचं का? तो पाणीसुद्धा गिळायला नाही म्हणतो, जबरदस्ती करायची का? सासूबाई म्हणतात घसा सोललाय, थंड अजिबात नको. डॉक्टर म्हणाले आइस्क्रीम द्या. आणि भाऊबीजेला दरवर्षी आम्ही आटपाडीला माझ्या भावाकडे जातो, सांगलीहून दोन तासांच्या वर रस्ता आहे. तोवर तो बरा होईल ना?

ज्यांनी घरी मुलांचं असं केलंय त्यांनी कृपया लिहा.

पोफळी
निशिगंध, आधी तुम्ही स्वतः दोन घास खाऊन घ्या. माझ्या लेकीचं हेच ऑपरेशन मागच्या मे महिन्यात झालं. खाण्याचं मनावर घेऊ नका. दोन-चार दिवस पोर कमी खाल्लं तर काही होत नाही, पिणं मात्र सोडायचं नाही. एका वेळी वाटीभर प्यायला लावलं की रडारड होते. मी औषधाच्या टोपणात पाणी, ताक, शहाळ्याचं पाणी भरून ठेवायचे आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एक टोपण. कार्टून बघता बघता जायचं पोटात.

खायला मऊ गुरगुट्या भात-तूप, पातळ वरण, साबुदाण्याची खीर, नाचणीची आंबील. आमच्याकडे कोकम सरबत घरात कायम, पण डॉक्टरांनी ते बंद सांगितलं. आंबट म्हणून घशाला झोंबतं आणि लाल म्हणून उलटी झाली तर रक्त की सरबत ते कळत नाही. बीट, लाल जेली, गुलाबाचं सरबत सगळंच बाद.

औषधासाठी उठवायचं का, यावर आमचे डॉक्टर म्हणाले होते झोपू द्या.

आजीची पुरचुंडी
माझ्या नातवाच्या वेळी मीही थंडाला विरोधच केला होता, म्हणून तुमच्या सासूबाईंचं म्हणणं समजतं. आयुष्यभर आपण मुलांना सांगतो, थंड खाऊ नको, घसा धरेल. पण ही सर्दीच्या घशाची गोष्ट नव्हे, आतली जखम आहे आणि थंडाने ती जागा जरा बधिर होते, असं आमच्या डॉक्टरांनी मला खुर्ची देऊन नीट समजावलं. सुनेने सांगितलं असतं तर मी ऐकलं असतंच असं नाही. सासूबाईंना एकदा डॉक्टरांशी फोनवर बोलू द्या. आइस्क्रीमच पाहिजे असं नाही, गार केलेली भाताची खीर किंवा माठातलं पाणीही चालतं.

आणखी एक. बाळाची दृष्ट काढणार असाल तर जरूर काढा, पण मिरच्यांचा धूर त्याच्या खोलीत नको. ठसका लागला तर त्या घशाला फार त्रास होतो. उदबत्ती, धूप, फटाक्यांचा धूर यांच्यापासूनही दूरच ठेवा. फुलबाज्या त्याने खिडकीच्या आतून बघाव्यात यंदा.

जुईचा बाबा
आमचं ऑपरेशन वेगळं होतं (हर्निया), पण भुलीनंतरचा पहिला अर्धा तास कोणीतरी आधी सांगायला हवा होता. जुई चार वर्षांची. बाहेर आणली तेव्हा डोळे उघडे, पण आम्हाला ओळखेना. लाथा मारत होती, सलाईनची सुई ओढत होती, आईने जवळ घेतलं तर आणखी किंचाळायची. बायको रडायला लागली. मला वाटलं डोक्याला काही झालं. पंधरा-वीस मिनिटांनी झोपली आणि उठली तेव्हा 'बाबा, भूक' म्हणाली. त्यातलं तिला काही आठवत नव्हतं.

शेवंती
मी भूलतज्ज्ञ आहे. लहान मुलांना भूल देणं हे माझं रोजचं काम. इथे मूल समोर नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम माना.

जुईचा बाबा, तुम्ही सांगितलंत ते दोन ते सहा वर्षांच्या मुलांत पुष्कळदा दिसतं. सेव्होफ्लुरेनसारख्या नाकावाटे देण्याच्या भुलीतून मेंदू टप्प्याटप्प्याने जागा होतो. मूल हलतं, ओरडतं, पण पूर्ण शुद्धीत नसतं. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत निवळतं. अशा वेळी खोलीत उजेड आणि आवाज कमी ठेवायचा, मूल पलंगावरून पडणार नाही आणि सुई ओढणार नाही एवढं बघायचं, 'मी आहे' असं हळू आवाजात म्हणत राहायचं. हलवून, ओरडून जागं करायचा प्रयत्न करू नये. आम्ही डॉक्टर हे पालकांना आधी सांगायला कमी पडतो, हे खरं आहे.

निशिगंध, आता तुमच्याबद्दल. पहिला दिवस भुलीचा. मूल पेंगुळलेलं, चिडचिडं असतं, एखाद-दोन उलट्या होऊ शकतात. ऑपरेशनच्या वेळी थोडं रक्त पोटात गेलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी एकदा काळपट तपकिरी उलटी झाली तर घाबरू नका. लाल ताजं रक्त किंवा पुन्हा पुन्हा उलट्या असतील तर मात्र लगेच फोन. चोवीस तास तोल नीट नसतो, म्हणून सायकल, झोका, जिने नकोत, बाथरूमला हात धरून न्या. घरी नेतानाही मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. रिक्षा किंवा गाडीत एक मोठं माणूस शेजारी हवं, पेंगून हनुवटी छातीवर टेकली तर मान सरळ करायला.

पण टॉन्सिलमध्ये पहिला दिवस हा कठीण दिवस नसतो. ऑपरेशन चालू असताना दिलेल्या वेदनाशामकांचा असर असतो म्हणून मूल बरं दिसतं, आणि आईबाप औषध थांबवतात. खरं दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास वाढतं आणि सात ते दहा दिवस टिकतं. म्हणून औषध दुखल्यावर द्यायचं नाही, घड्याळ बघून द्यायचं. दुखायला लागलं की मूल गिळत नाही, गिळलं नाही की औषधही जात नाही आणि पाणीही. घसा कोरडा पडला की आणखी दुखतं.

रात्री उठवायचं का? पोफळींच्या डॉक्टरांनी नको सांगितलं, काही जण तसं सांगतात. माझं मत वेगळं आहे: पहिल्या तीन-चार रात्री अर्धवट जागं करून, बसतं करून द्यावं. नाहीतर पहाटे चार वाजता मूल रडत उठतं आणि पुढचा तासभर काहीच गिळत नाही. झोपलेल्याच्या तोंडात औषध ओतू नका, ठसका लागेल.

भाऊबीजेबद्दल स्वतंत्र लिहिते, ते महत्त्वाचं आहे.

बकुळ
औषधाचा विषय निघालाच आहे तर मी माझ्या दुकानातलं सांगते (फार्मसिस्ट आहे). पॅरासिटामॉलच्या लहान मुलांच्या बाटल्या एकाच ताकदीच्या नसतात. एक येते ५ मिलीत १२० मिग्रॅची, एक ५ मिलीत २५० मिग्रॅची. तान्ह्या बाळांचे थेंब वेगळे, त्यात १ मिलीत १०० मिग्रॅ. डॉक्टर 'सहा मिली द्या' म्हणाले ते कोणत्या बाटलीतलं, हे बघितलंच पाहिजे.

हिशोब वजनावर असतो. साधारण किलोला १५ मिग्रॅ, दर सहा तासांनी, दिवसात चार वेळांहून जास्त नाही. म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी ३०० मिग्रॅ. २५० च्या बाटलीतून ते ६ मिली होतं आणि १२० च्या बाटलीतून साडेबारा मिली. बाटली बदलली तर औषध निम्म्याहून कमी जातं किंवा दुपटीवर जातं. चमच्याने मोजू नका, घरातला प्रत्येक चमचा वेगळा. बिनसुईची सिरिंज मागून घ्या, आम्ही देतो.

दुसरं, सर्दीच्या पुष्कळ सिरपमध्ये आधीच पॅरासिटामॉल असतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेलीही बाटली मिळते. ती देऊन वर साधं पॅरासिटामॉल दिलं की एकाच औषधाचा डोस दोनदा जातो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

तिसरं, घरातल्या डब्यात मोठ्यांच्या दुखण्यासाठी आणलेलं निमेसुलाइड असतं, 'पाव गोळी देते' असं म्हणणारे लोक मला अजून भेटतात. २०११ पासून भारतात बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइडवर बंदी आहे. ॲस्पिरिनही नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर टॉन्सिलनंतर मुळीच नाही.

शेवंती
बकुळ, फार नेमकं लिहिलंत. कोडीनबद्दल थोडं: काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फीन फार झपाट्याने करतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिलनंतर त्याने मुलं दगावल्याचं समोर आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखाली ते निषिद्ध ठरवलं. आधी घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांना हा धोका जास्त, आणि टॉन्सिलची पुष्कळ मुलं तशीच असतात.

आयबुप्रोफेनने रक्तस्राव होतो ही भीती काही सर्जनना वाटते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा दोन्ही वापरावं असं आहे. तुमच्या कागदावर नसेल तर सर्जनना विचारूनच सुरू करा.

टेम्सकाठी
इथे इंग्लंडमध्ये माझ्या मुलाचं झालं तेव्हा नर्स म्हणाली, नेहमीचं जेवण द्या, टोस्टसुद्धा चालेल. चावल्याने घसा हलता राहतो आणि जखमेवर साचलेलं निघायला मदत होते. मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. त्याने तिसऱ्या दिवशी पोहे मागून खाल्ले.

पोफळी
टोस्ट?! आमच्याकडे सर्जनने चिवडा, चकली, शंकरपाळे, पापड यांची नावं घेऊन मनाई केली होती. दोन देशांत दोन घसे असतात की काय?

रानवारा
चकलीला मनाई आणि ती दिवाळीत! पोराला सगळ्यांनी मिळून जरा धीर द्या. त्याच्या नावाने एक डबा भरून बाजूला ठेवा, वर त्याचं नाव लिहा, पंधरा दिवसांनी तो एकट्याने उघडेल. आमच्या पुतण्याच्या वेळी केलं होतं. रोज डबा हलवून आवाज ऐकायचा आणि खूश व्हायचा.

शेवंती
पोफळी, टेम्सकाठी, दोघींचे डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. कडक खाण्याने रक्तस्राव वाढतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. मुलाला गिळता येतं आणि त्याला हवंय, तर चावून खाणं चांगलंच. पण मसालेदार आणि आंबट झोंबतं, आणि चकलीचं टोक लागलं तर ते दुखतं. पोहे, इडली, मऊ पोळी दुधात, हे मधलं आहे. सर्जनने मनाई केली असेल तर ती पाळा. त्यांनी घसा आतून पाहिलाय.

रानवारा यांचा डबा मी माझ्या रुग्णांच्या आईवडिलांना सांगणार आहे.

आता भाऊबीज. टॉन्सिल काढलेल्या जागेवर दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळसर थर धरतो. गुडघ्यावरच्या खपलीसारखाच तो, घशात ओला राहतो म्हणून पांढरा दिसतो. हा थर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटतो आणि तेव्हा थोड्या मुलांना पुन्हा रक्त येतं. बहुतेकांना काहीच होत नाही. पण ज्याला होतं त्याला त्या वेळी ऑपरेशन थिएटर आणि कान-नाक-घशाचा सर्जन जवळ लागतो. आपल्याकडे सुट्टी बघून ऑपरेशन करतात, पाच-सहा दिवसांनी मूल हसायला लागतं, आणि बरोबर त्याच दिवसांत सगळे गावी निघतात. मला दर दिवाळीत आणि दर मे महिन्यात याची काळजी वाटते. निशिगंध, भावालाच सांगलीला बोलवा.

माणदेश
शेवंती यांनी लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं. माझ्या बहिणीचा मुलगा, ऑपरेशन पुण्यात, आठवडा झाल्यावर यात्रेसाठी गावी आणला. रात्री दोनला उशी लाल. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते, पण घशाचे नव्हते. १०८ ला फोन केला, गाडी आली, त्यांनी मिरजेला नेलं. सव्वा तासाचा रस्ता सगळ्यांचा जीव मुठीत. पोरगा आता ठणठणीत आहे, शाळेत कबड्डी खेळतो. पण ती रात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये. ताई, आटपाडीची भाऊबीज पुढच्या वर्षी.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाई डॉक्टरांशी बोलल्या, आता त्याच सकाळी फ्रीजमधून खीर काढतात. भावाला फोन केला, तो इकडे येतोय. औषधाची वही केली आहे, वेळ आणि मिली लिहितो, म्हणजे नवऱ्याने दिलं की मी दिलं हा घोळ होत नाही.

आज मात्र त्रास वाढलाय. काल बरा खेळला आणि आज कान दुखतो म्हणून रडतोय, दोन्ही कान. तोंडाला घाण वास येतोय. टॉर्चने बघितलं तर घशात दोन्हीकडे पांढरं. शेवंतीताई, हाच तो थर ना? की पू आहे? उद्या नरकचतुर्दशी, अभ्यंगस्नान घालू का?

शेवंती
हाच तो थर. पू नव्हे, खरवडायचा नाही, बोट लावायचं नाही. वास त्याचाच. घशाची आणि कानाची वेदना एकाच नसेने जाते, म्हणून घसा दुखला की कान दुखतो. कानात तेल-थेंब घालू नका. एकशे एकपर्यंतचा ताप सुरुवातीच्या दिवसांत येऊ शकतो. त्याच्या वर गेला किंवा टिकून राहिला तर सर्जनना कळवा.

अंघोळ कोमट पाण्याने घाला, उटणं लावा. पहाटे मात्र उठवू नका, झोप त्याला जास्त हवी आहे. जोरजोरात गुळण्याही नकोत.

लघवीकडे लक्ष ठेवा. आठ-बारा तास लघवी नाही, ओठ-जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल, असं झालं तर सलाईन लागेल, थांबू नका. आणि झोपेत श्वास अडकतोय, ओठ निळसर दिसताहेत, नीट जागं होत नाहीये, तर थेट रुग्णालय.

आजीची पुरचुंडी
थोडा मध चाटवला तर चालेल का हो? आमच्याकडे चालला होता.

शेवंती
चालेल. मधाने टॉन्सिलनंतरचं दुखणं थोडं कमी होतं असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे, पण त्या जोरावर वेदनाशामक बंद करू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच नाही.

गोदाकाठ
धागा वाचून धीर येतोय, पण माझा प्रश्न जरा वेगळा. माझ्या दहा महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. नातेवाईक सांगतात, एवढ्या लहानपणी भूल दिली की मेंदूवर परिणाम होतो, अभ्यासात मागे पडतात. झोप उडाली आहे.

शेवंती
गोदाकाठ, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही गंभीरपणे घेतला. प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे शंका आली होती. मग सात देशांत मिळून सातशेहून जास्त तान्ह्या बाळांवर अभ्यास झाला, तोही नेमका हर्नियाच्या ऑपरेशनवर. काहींना पूर्ण भूल, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. दोन वर्षांच्या वयाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आणि पाच वर्षांच्या वयाचे २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तासाभराच्या आतल्या एका भुलीने दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. अमेरिकेच्या नियामकाने २०१६ मध्ये जो इशारा दिला तो तीन वर्षांखाली वारंवार किंवा तीन तासांहून लांबलेल्या भुलीबद्दल आहे. तुमच्या बाळाचं तसं नाही. आणि हर्निया तसाच ठेवला तर आतडं अडकण्याचा धोका असतो, लहान बाळात तर जास्तच. निर्धास्त करून घ्या.

जुईचा बाबा
गोदाकाठ, घरी आल्यावरचं सांगतो. जुईला कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला होता. संध्याकाळपर्यंत मजेत, पाय मात्र लुळे, उभी राहिली की लडखडायची. आम्ही कडेवरच ठेवली. रात्री त्याचा असर उतरला आणि रडू सुरू. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असर उतरायच्या आत पॅरासिटामॉल द्या, ते दिलं होतं म्हणून निभावलं. पहिली लघवी व्हायला वेळ लागला, ती झाली का यावर डोळा ठेवा.

आणखी एक कुणी बोलत नाही. घरी आल्यावर जुई रात्री दचकून उठायची, अंथरूण ओलं व्हायचं, जे कधीच बंद झालं होतं. आईला नजरेआड होऊ देत नव्हती. पंधरवड्यात सगळं आपोआप गेलं. त्या काळात ती दिवसभर बाहुलीला सुई टोचायची आणि 'रडू नको, झालं झालं' म्हणायची. आम्ही तिला खेळू दिलं, बाहुलीला पट्टी बांधायला बँडेजही आणून दिलं. अंथरूण ओलं झालं तरी एक शब्द बोललो नाही.

पोफळी
हे फार बरं लिहिलंत. माझ्या लेकीला पांढरा कोट दिसला की महिनाभर रडू यायचं. अशा वेळी 'एवढी मोठी झालीस आणि' असं म्हणणारे पाहुणे दारातच थांबवावेत. भेटायला येणाऱ्यांना सर्दी-खोकला असेल तर तेही.

निशिगंध
काल भाऊबीज झाली. भाऊ-वहिनी इकडे आले होते, ओवाळणं झालं, हा दिवसभर मामाच्या खांद्यावर. रात्री साडेअकराला झोपेत सारखं गिळतोय असं वाटलं, गट् गट्, तोंड मिटलेलं. उठवून बसवलं, थुंकायला लावलं तर लाल. पुन्हा थुंकला, पुन्हा लाल, गाठीसारखं. पुढे वाकवून बसवलं, रक्त गिळू दिलं नाही, पाणी दिलं नाही. औषधाची वही आणि फाइल घेतली, भावाची गाडी दारात होती, दहा मिनिटांत रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं शेवटचं कधी खाल्लं, कोणतं औषध किती वाजता, वहीतून लगेच सांगता आलं. एका बाजूला खपली सुटली होती. रक्त आपोआप थांबलं, रात्रभर सलाईन लावून लक्ष ठेवलं, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं नाही. आज संध्याकाळी सोडताहेत. झोपेतलं गिळणं हे लक्षण मला पेशंटबरोबर आलेल्या शेजारच्या आजींनी ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डात सांगितलं होतं, कागदावर कुठेच नव्हतं. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

माणदेश
ताई, देव पावला. भाऊ जवळ होता हे बरं झालं.

शेवंती
निशिगंध, सगळं अगदी जसं करायला हवं तसं केलंत. पोटात काही न देणंही योग्य, कारण पुन्हा भूल द्यावी लागली असती तर भरलेलं पोट आम्हाला सगळ्यांत जास्त धोक्याचं. झोपेत सारखं गिळणं मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं, तुम्ही ती जागा भरून काढलीत. इतरांसाठी: रक्त थोडं असलं, थांबलं असलं तरी दाखवायलाच जायचं. कधी कधी थोडं आधी येतं आणि जास्त नंतर. आणि जवळच्या कुठल्याही दवाखान्यात थांबू नका, जिथे थिएटर आणि सर्जन आहे तिथे जा.

आता पुढचे काही दिवस पुन्हा तेच, पाणी आणि घड्याळ.

बकुळ
शेवंतीताई, हे कागदावर यायला हवं हो. मी माझ्या दुकानात टॉन्सिलची चिठ्ठी आली की आता एका कागदावर हाताने लिहून देणार आहे: वेळेवर औषध, पाणी, लाल काही नको, पाचवा ते दहावा दिवस गावी नको, रक्त दिसलं की रुग्णालय, १०८.

निशिगंध
शाळा सुरू झाली. तो आता छान आहे, रात्री घोरण्याचा आवाज नाही, पहिल्यांदा मला उठून त्याचा श्वास चालू आहे का ते बघावं लागलं एवढी शांत झोप. डबा उघडला, चकल्या संपल्या. (रानवारा, हलवून हलवून निम्म्याचा भुगा झाला होता, तोही खाल्ला.) फक्त आवाज नाकातून येतोय, आणि पाणी पिताना एकदा नाकातून आलं. हे जातं का?

पोफळी
माझ्या लेकीचं काही आठवड्यांत गेलं. गाण्याच्या क्लासच्या बाईंना आधी सांगून ठेवलं होतं.

शेवंती
ॲडेनॉइड काढल्यावर मागे मोकळी जागा होते आणि टाळूला ती बंद करायची सवय व्हायला वेळ लागतो. बहुतेक मुलांत काही आठवड्यांत ठीक होतं. दोन-तीन महिन्यांनीही आवाज तसाच असेल किंवा पाणी नाकातून येतच असेल तर सर्जनना दाखवा, वाचा-उपचाराचे व्यायाम असतात. पीटीच्या तासाला आणि पोहायला कधी सोडायचं ते तपासणीच्या वेळी विचारून घ्या.

चिंचोका
वाचनखूण साठवली. आमच्या मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन सोमवारी सकाळी आठला आहे. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही असं नातेवाईक सांगताहेत. पाच वर्षांची पोर आठ तास पाण्याविना? आणि कालपासून नाक थोडं वाहतंय.

शेवंती
चिंचोका, सर्वसाधारण नियम असा: जेवण आणि दूध भुलीच्या सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. म्हणजे आठची वेळ असेल तर रात्री दोनच्या आत दूध-बिस्किट संपलं पाहिजे, पाणी सकाळी सहापर्यंत. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. चहा-दूध हे पाण्यात धरायचं नाही, एक घोटसुद्धा.

वाहतं नाक मात्र आजच फोन करून सांगा, सोमवारची वाट बघू नका. नुसतं पाण्यासारखं नाक असेल तर कदाचित करतील. ताप, छातीत कफ किंवा ओला खोकला असेल तर काही आठवडे पुढे ढकलतील.